राज्यपाल हवेत, नायब नकोत

राज्यांना लेफ्टनंट गव्हर्नरांची खरोखर आवश्यकता आहे काय, असे कोणी विचारले तर घटनेचा जाणकार प्रथम हसेल आणि प्रश्नच चुकीचा आहे असे सांगेल. आपल्या घटनेप्रमाणे राज्याला राज्यपाल असतो. लेफ्टनंट गव्हर्नर, ज्यांना आपण नायब राज्यपाल म्हणतो ते, केंद्रशासित प्रदेशाला असतात. एकाची नेमणूक १५३ व्या आणि त्यापुढील कलमांखाली होते, दुसऱ्याची २३९ व्या कलमाखाली. पहिला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारा घटनात्मक प्रमुख, तर दुसरा राष्ट्रपतींच्या, म्हणजे व्यवहारात मध्यवर्ती गृहखात्याच्या, वतीने कारभार पाहणारा प्रशासक. आमच्यासारख्या ज्यांनी एके काळी शाळेत नागरिकशास्त्र शिकविले, त्यांनी हा भेद फळ्यावर दोन रकाने आखून मुलांकडून घोकून घेतलेला आहे. परंतु गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जे घडले ते पाहता त्या दोन रकान्यांमधील रेघ पुसट होऊ लागली आहे, असे म्हणणे आम्हांस भाग आहे. राज्यपालपदाचा मुखवटा तसाच राहावा आणि आत नायबाचे काम चालावे, अशी ही अवस्था आहे. म्हणून वरील चुकीचा प्रश्न आज नीट विचारला गेला पाहिजे.

नायब हा शब्द मोठा बोलका आहे. नायब म्हणजे दुसऱ्याच्या जागी बसणारा, दुसऱ्याच्या हुकमाने चालणारा. इंग्रजांनी हिंदुस्थानात लेफ्टनंट गव्हर्नर नेमले ते याच अर्थाने. मुंबई व मद्रास या जुन्या इलाख्यांना पूर्ण दर्जाचे गव्हर्नर होते. बंगालला १८५४ साली आणि पंजाबला १८५९ साली मिळाले ते लेफ्टनंट गव्हर्नर, आणि त्यांची मान गव्हर्नर जनरलच्या हाती असे. मुंबई इलाख्याने लेफ्टनंट गव्हर्नर कधी पाहिला नाही. परंतु मराठी माणसाने तो अगदी जवळून, पंचवीस वर्षे पाहिला. मुंबईत नव्हे, पणजीत.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. काही महिने लष्करी अंमल चालला आणि १९६२ च्या जूनपासून तेथे लेफ्टनंट गव्हर्नरांचा कारभार सुरू झाला. १९६३ च्या डिसेंबरात निवडणूक होऊन भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विधानसभा आली, मंत्रिमंडळ आले, लोकांनी दिलेले बहुमत आले. परंतु ज्या कायद्याखाली हे सारे आले त्या १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश कायद्यातच मेख मारून ठेवलेली होती. मंत्र्यांचा सल्ला आणि प्रशासकाचे मत यांत अंतर पडले, तर प्रश्न राष्ट्रपतींकडे जाईल, आणि तेथून निर्णय येईपर्यंत निकडीच्या बाबतीत प्रशासक स्वतःच्या मताने चालू शकेल, अशी ती तरतूद. याचा व्यावहारिक अर्थ असा की, गोव्याच्या मतदाराने निवडलेल्या माणसापेक्षा दिल्लीने पाठविलेल्या माणसाचा शब्द अखेरचा. बांदोडकरांसारख्या लोकप्रिय नेत्यालाही या मर्यादेतच राज्य करावे लागले.

पुढे विलीनीकरणाचा वाद पेटला. गोव्याने महाराष्ट्रात यावे की केंद्रशासित म्हणून वेगळे राहावे, याचा कौल घ्यावयाचे ठरले. सत्तेवर असलेला पक्ष विलीनीकरणवादी, तेव्हा त्याच्या अमलाखाली कौल निःपक्षपाती होणार नाही, अशी विरोधकांची तक्रार होती. बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने १९६६ च्या डिसेंबरात राजीनामा दिला आणि १६ जानेवारी १९६७ चा जनमतकौल लेफ्टनंट गव्हर्नर के. आर. दामले यांच्या राजवटीत पार पडला. महाराष्ट्रातील आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना तो निकाल बोचला होता, हे येथे लपविण्याचे कारण नाही. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते, तर केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. परंतु निकाल कडू लागला तरी कौल खोटा होता असे म्हणता आले नाही, आणि पुढच्या काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले. नेमलेल्या माणसाच्या हाती काही काळ सत्ता असण्याचा उपयोग असतो तो असा: मर्यादित मुदतीसाठी, ठरलेल्या कामासाठी, आणि दोन्ही पक्षांचा विश्वास बसेल अशा रीतीने. ते काम संपताच कारभार लोकांच्या प्रतिनिधींकडे परत गेला पाहिजे, आणि त्या वेळी तो गेलाही.

गोवेकरांनी १९६७ साली महाराष्ट्र नाकारला. पण लेफ्टनंट गव्हर्नर कायमचा हवा असे त्यांनी कधीच म्हटले नव्हते. त्यांना आपले घर वेगळे हवे होते, आणि त्या घराची किल्ली दिल्लीकडे राहणे हा त्यांनी मोजलेला मोल होता. हा मोल त्यांनी वीस वर्षे दिला. ३० मे १९८७ रोजी गोवा पंचविसावे राज्य झाले. त्या दिवशी काबो येथील राजभवनात कोणी नवा माणूस आला नाही. डॉ. गोपाल सिंग हे आदल्या दिवशीपर्यंत लेफ्टनंट गव्हर्नर होते. दुसऱ्या दिवशी तेच राज्यपाल झाले. वास्तू तीच, माणूस तोच; बदलले ते नाते. काल मतभेद झाला तर मुख्यमंत्र्याला दिल्लीची वाट पाहावी लागत होती, आज मंत्रिमंडळाचा सल्ला राज्यपालांना बंधनकारक झाला. राज्य आणि केंद्रशासित प्रदेश यांतला फरक कोणाला समजून घ्यावयाचा असेल, तर त्याने घटनेवरील जाडे ग्रंथ बाजूला ठेवून त्या एका रात्रीकडे पाहावे.

आणि तरीही नाते कागदावर बदलले म्हणून सवय बदलत नाही, हेही गोव्यानेच दाखविले. १९९४ च्या एप्रिलात राज्यपाल भानुप्रकाश सिंग यांनी डॉ. विल्फ्रेड डिसोझा यांचे मंत्रिमंडळ बरखास्त करून रवी नाईक यांना शपथ दिली. ते सरकार आठवडाभरच टिकले आणि राज्यपालांनाही पद सोडावे लागले. २००५ च्या फेब्रुवारीत मनोहर पर्रीकरांनी विधानसभेत विश्वासदर्शक ठराव जिंकला होता. अध्यक्षांनी मतदान कसे घेतले याविषयी वाद होता, हे खरे. परंतु त्या वादावर उपाय म्हणून राज्यपाल एस. सी. जमीर यांनी त्याच रात्री मंत्रिमंडळच घालविले. तेव्हा दिल्लीत काँग्रेसप्रणीत सरकार होते. चाळीस आमदारांचे चिमुकले राज्य. तेथे दोन माणसे इकडची तिकडे झाली की राजभवनाचे वजन वाढते.

आता महाराष्ट्राकडे वळू. २०१९ च्या निवडणुकीनंतर कोणासच सरकार बनविता येईना, तेव्हा १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. २३ तारखेच्या पहाटे ती उठली, आणि लोक सकाळचा चहा घेत असताना देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी उरकला होता. बहुमताची खात्री राज्यपाल भगतसिंग कोश्यारी यांनी रात्रीतून कशी करून घेतली, याचे समाधानकारक उत्तर महाराष्ट्राला मिळाले नाही. सर्वोच्च न्यायालयाने विधानसभेत तात्काळ मतदान घेण्यास सांगितले आणि त्या दिवसाची वाट न पाहता ते सरकार गेले. पुढे उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. ते कोणत्याच सभागृहाचे सभासद नव्हते; सहा महिन्यांची मुदत संपत आली आणि महामारीमुळे निवडणुका थांबल्या. २०२० च्या एप्रिलात मंत्रिमंडळाने त्यांना विधानपरिषदेवर नेमण्याची शिफारस केली, ती राजभवनात पडून राहिली. अखेर परिषदेच्या निवडणुका मे महिन्यात झाल्या म्हणून पेच सुटला.

येथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १९५२ साली मद्रासमध्ये काँग्रेसला बहुमत नव्हते. तेव्हा तेथील राज्यपाल श्रीप्रकाश यांनी कोणतीही निवडणूक न लढविलेल्या राजाजींना सरकार बनविण्यास बोलाविले आणि विधानपरिषदेवर नेमणूक करून त्यांची सोय लावली. हेच श्रीप्रकाश पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले. माणूस सज्जन, विद्वान, स्वातंत्र्यलढ्यातला. पण त्या एका निर्णयाने पुढील सर्व राज्यपालांना एक धडा मिळाला: आपल्या माणसासाठी नेमणुकीचे दार उघडता येते. २०२० साली त्याच धड्याचे दुसरे टोक दिसले: आपल्या नसलेल्या माणसासाठी ते दार लोटूनही ठेवता येते.

विधानपरिषदेवरील बारा नामनियुक्त सभासदांचे प्रकरण तर याहून उघड आहे. मंत्रिमंडळाने २०२० च्या नोव्हेंबरात नावे पाठविली. राज्यपालांनी होयही म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. १३ ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वाजवी मुदतीत निर्णय देणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे असे सांगितले. तरीही २०२२ च्या जूनमध्ये ते सरकार पडेपर्यंत यादी जशीच्या तशी राहिली. २०२४ च्या ऑक्टोबरात, विधानसभा निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी, दुसऱ्या सरकारने सुचविलेल्या सात जणांचा शपथविधी झाला. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांसाठी घटनेने राखून ठेवलेल्या या जागा. त्या वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवण्याचा अधिकार घटनेने कोणाला दिला? नकार देणाऱ्याला कारण सांगावे लागते. मौन पाळणाऱ्याला काहीच सांगावे लागत नाही. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावर बसून राहणे ही नायबाची रीत आहे. प्रश्न वर पाठविला आहे, उत्तर येईल तेव्हा कळवू, असे तो म्हणू शकतो. राज्यपालांना तशी सोय नाही.

११ मे २०२३ हा दिवस या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या एकाच दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दोन निकाल दिले. एक दिल्लीच्या नायब राज्यपालांविषयी: जमीन, पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था वगळता सरकारी सेवांच्या बाबतीत त्यांनी निवडून आलेल्या मंत्रिमंडळाचे ऐकले पाहिजे. दुसरा महाराष्ट्राच्या राज्यपालांविषयी: २०२२ च्या जूनमध्ये ठाकरे यांना बहुमत सिद्ध करावयास सांगण्याइतका ठोस आधार त्यांच्यापुढे नव्हता. ठाकरे यांनी आधीच राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही, आणि त्यानंतर एकनाथ शिंदे यांना पाचारण करणे योग्यच होते, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे चूक झाली, पण भरपाई नाही. दिल्लीच्या निकालाची गत निराळी झाली. आठ दिवसांत वटहुकूम निघाला, ऑगस्टात कायदा झाला आणि न्यायालयाने दिलेले पुष्कळसे परत घेतले गेले. केंद्रशासित प्रदेशाच्या बाबतीत संसद असे करू शकते. राज्याच्या बाबतीत तिला इतक्या सहज करता येत नाही. महाराष्ट्राला राज्य म्हणून मिळालेले हे संरक्षण आहे, आणि राज्यपालांच्या वागण्यातून ते आतल्या आत पोखरले जात असेल तर त्याविषयी पक्षभेद विसरून बोलले पाहिजे.

पक्षभेद विसरून असे आम्ही मुद्दाम म्हणतो. आज राज्यपालांविरुद्ध आवाज उठविणाऱ्यांत जे पुढे आहेत, त्यांच्या पक्षाचा इतिहास या बाबतीत मुळीच उजळ नाही. १९५९ साली केरळातील नंबुद्रीपाद यांचे सरकार घालविले गेले ते नेहरूंच्या काळात. १९७७ साली जनता पक्षाने नऊ राज्यांतील काँग्रेस मंत्रिमंडळे काढली आणि १९८० च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींनी त्याचे उट्टे तितक्याच राज्यांत फेडले. त्यांत शरद पवार यांचे पुलोद सरकारही गेले. जो पक्ष दिल्लीत असतो त्याला राज्यपाल हवासा वाटतो. तो विरोधात गेला की त्याला घटना आठवते. १९९४ च्या बोम्मई निकालाने सरकारे घालविण्याच्या खेळाला बराच आळा घातला. त्यामुळे आता सरकार पाडण्याऐवजी त्याची कामे अडविण्याची रीत आली आहे, इतकेच.

मग हे पदच रद्द का करू नये? असे म्हणणारे आहेत, आणि त्यांना अलीकडे एक मोठा आधारही मिळाला. २०२५ च्या सप्टेंबरात सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाले, तेव्हा महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे सोपविण्यात आला. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीपासून एका माणसाने दोन राज्ये सांभाळणे कायदेशीर आहे. तरीही सामान्य नागरिक विचारणारच की, मलबार हिल, पुणे, नागपूर आणि महाबळेश्वर अशा चार ठिकाणी ज्या पदासाठी वास्तू राखल्या आहेत, त्या पदाचे काम शेजारच्या राज्यातून जोडकाम म्हणून करता येत असेल, तर ते काम आहे तरी केवढे?

आमचे मत असे की, काम आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. मात्र हल्ली ज्याची चर्चा होते ते हे काम नव्हे. सरकार पडले तर पुढचे बोलाविण्यासाठी कोणीतरी पंच लागतो. विद्यापीठांचे कुलपतिपद राज्यपालांकडे आहे. विदर्भ व मराठवाड्याच्या समतोल विकासाची विशेष जबाबदारी घटनेच्या ३७१ व्या कलमाने त्यांच्यावर टाकता येते. १९९४ साली झालेल्या विकास मंडळांची मुदत २०२० च्या एप्रिलात संपली, तेव्हा राजभवनातून किती मोठा आवाज उठला, हे वाचकांनीच आठवून पाहावे. पाचव्या परिशिष्टाप्रमाणे आदिवासी क्षेत्रांना एखादा कायदा लागू होऊ न देण्याचा अधिकारही त्यांना आहे. आपल्याच ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका अशा क्षेत्रात मोडतो. तेथील कातकऱ्याच्या जमिनीविषयी जे लक्ष घालावयाचे, ते घालण्यास राज्यपालांना कोणी अडविलेले नाही. अधिकार वापरण्याची हौसच असेल, तर ती येथे भागवावी.

आमच्या या तीन शहरांना तर वरून नेमलेल्या माणसाच्या कारभाराची चव फार चांगली ठाऊक आहे. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपालिकांची मुदत २०२० साली संपली, उल्हासनगर महापालिकेची २०२२ साली. त्यानंतर निवडणुका होईपर्यंत, म्हणजे २०२५ चा डिसेंबर आणि २०२६ चा जानेवारी उजाडेपर्यंत, येथे प्रशासक होते. आम्ही कोणा अधिकाऱ्याला दोष देत नाही; त्यांतले काही कष्टाळूही असतील. परंतु मोरिवलीच्या माणसाने गटार तुंबले, नळाला पाणी आले नाही, रस्ता खोदून ठेवला, तर जावयाचे कोणाकडे? प्रशासकाला पुन्हा मते मागावयाची नसतात. २०२४ च्या ऑगस्टात बदलापूरचा संताप रेल्वेच्या रुळांवर उतरला, तेव्हा त्याचे कारण नगरपालिकेच्या कक्षेतले नव्हते. पण ज्याच्या दारात जाऊन जाब विचारावा असा एकही नगरसेवक त्या दिवशी शहरात पदावर नव्हता. मुंबईतील सरकारने आमच्या शहरांना जे केले, तेच दिल्लीतील सरकारने मुंबईला करावे काय, असा हा प्रश्न आहे. आणि राज्यांच्या हक्कांविषयी तावातावाने बोलणाऱ्या आमच्या राज्यकर्त्यांनी त्याचा हाही अर्धा भाग ऐकून घ्यावा.

नावात दोष असतो असेही नाही. कॅनडातील प्रांतांना आजही लेफ्टनंट गव्हर्नरच आहेत, आणि त्यांची नेमणूक तेथील पंतप्रधानाच्या सल्ल्याने होते. प्रांताचे विधेयक अडवून वर पाठविण्याचा अधिकार त्यांना कायद्याने आहे. परंतु सस्कॅचवानच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी १९६१ साली तो वापरला, तेव्हा खुद्द मध्यवर्ती सरकारनेच त्यांना साथ दिली नाही, आणि पुन्हा तसे कोणी केलेले नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत लेफ्टनंट गव्हर्नर असतात ते लोकांनी निवडलेले उपप्रमुख, त्यांचा वॉशिंग्टनशी संबंध नाही. आपल्याकडे उलट झाले. नाव राज्यपाल, आणि तामिळनाडूत दहा विधेयके इतकी रखडली की २०२५ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाला त्यांना संमती मिळाली असे मानावे लागले. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला घटनापीठाने मत दिले की, राज्यपालांना न्यायालय ठराविक मुदत घालू शकत नाही, संमती गृहीतही धरता येत नाही. मात्र त्यांना अनंत काळ बसूनही राहता येणार नाही. म्हणजे मुदत घालावयाची तर ती संसदेने घातली पाहिजे. त्यानंतर लवकरच राजभवनांना लोकभवन म्हणण्याची टूम निघाली. पाटी बदलण्यास आमची हरकत नाही.

१९४९ च्या मे महिन्याअखेर घटनासमितीने राज्यपाल निवडून न देता नेमावा असे ठरविले. निवडलेला राज्यपाल आणि निवडलेला मुख्यमंत्री यांचे भांडण होईल, ही भीती त्यामागे होती. डॉ. आंबेडकरांनी राज्यपालांना स्वतःच्या मताने करावयाचे असे काही कामच नाही, काही कर्तव्ये तेवढी आहेत, असे स्पष्ट केले होते. त्याच वर्षी ८ ऑगस्टला कल्याण कॅम्पातील निर्वासितांच्या वसाहतीची कोनशिला गव्हर्नर जनरल राजाजींच्या हस्ते बसली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. नेमलेला माणूस पक्षाच्या वर राहील, हा त्या काळचा विश्वास होता. तो विश्वास मावळला असेल, तर त्याची जागा नियमांनी घेतली पाहिजे.

ते नियम शोधण्यासाठी नवा आयोग नको. मुख्यमंत्र्यांशी विचारविनिमय करूनच राज्यपाल नेमावा, तो चालू राजकारणातला नसावा, हे सरकारिया आयोगाने १९८८ साली सांगितले. पाच वर्षांची निश्चित मुदत, काढावयाचे तर राज्याच्या विधिमंडळाने महाभियोगासारख्या पद्धतीने, आणि विधेयकावर सहा महिन्यांत निर्णय, हे पुंछी आयोगाने २०१० साली सांगितले. यांपैकी पहिल्या गोष्टीस घटनादुरुस्तीही लागत नाही. महाराष्ट्राने यांत पुढाकार घ्यावा असे आम्हांस वाटते, आणि वेळ हीच आहे. २०२४ च्या निवडणुकांनंतर दिल्लीत आणि मुंबईत एकाच पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारे आली. राजभवनाशी कोणाचे भांडण नाही, त्यामुळे हा ठराव कोणा व्यक्तीविरुद्ध आहे असे कोणी म्हणणार नाही. विधानमंडळाच्या अधिवेशनात तो सत्ताधारी पक्षानेच मांडावा. कल्याण-डोंबिवलीपासून मुरबाडपर्यंतचे आमचे आमदार त्या वेळी काय बोलतात, हे आम्ही याच पानावर छापू.